अपराधी मालाची कुळकथा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांची बाडे चाळणाऱ्या परक्या वाचकाला मधूनमधून अशी काही शीर्षके आढळतात की, छापणाऱ्याच्या हातून घोटाळा झाला असावा, असेच त्याला प्रथमदर्शनी वाटावे. १९६५ सालच्या एका खटल्यात पेन्सिल्व्हेनिया राज्याविरुद्ध दाद मागणारा पक्षकार म्हणून ‘१९५८ची एक प्लिमथ सिडान’ असे चक्क मोटारीचेच नाव आहे. या मोटारीत राज्याच्या कराची मोहोर नसलेल्या दारूच्या एकतीस पेट्या सापडल्या होत्या. त्या अपराधाबद्दल चालकावर खटला होऊन तो दोषी ठरता, तर त्याला जास्तीत जास्त ५०० डॉलर दंड झाला असता; पण सरकारजमा होऊ घातलेल्या मोटारीची किंमत सुमारे १००० डॉलर होती. म्हणजे माणसाला जास्तीत जास्त जी शिक्षा देता येत होती, तिच्या दुप्पट शिक्षा त्याच्या वाहनाला देता येत होती. झडतीच बेकायदा असेल, तर तीत सापडलेल्या पुराव्यावर मोटार जप्त करता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला खरा. तथापि मोटार ही आरोपी होऊ शकते, या मूळ कल्पनेला त्याने हात लावला नाही.

ही कल्पना आपण समजतो त्याहून पुष्कळ जुनी आहे. माणसावर आरोप ठेवला, म्हणजे तो निर्दोष आहे असे गृहीत धरून चालावे लागते, त्याला वकील द्यावा लागतो, संशयाचा फायदा द्यावा लागतो आणि सारे सिद्ध झाल्यावरच शिक्षा फर्मावता येते. परंतु कज्जा माणसाशी नसून मालाशी आहे, असे एकदा ठरवले की, यांतले एकही बंधन राहत नाही, आणि मालकावर आरोपपत्र दाखल झालेले नसताना, किंबहुना तो निर्दोष सुटलेला असतानाही, त्याची चीजवस्तू राज्याच्या ताब्यात जाऊ शकते.

या कल्पनेचा शोध घेणारे बहुधा इंग्लंडच्या मध्ययुगापर्यंत मागे जातात. तेराव्या शतकापासून तेथे असा प्रघात होता की, ज्या वस्तूमुळे मनुष्याचा अपघाती मृत्यू घडला, ती वस्तू अथवा तिची किंमत राजाच्या खजिन्यात जावी. हिला ‘डिओडँड’ म्हणत, आणि तत्त्वतः तरी ती रक्कम धर्मकार्यास लागावयाची असे. गावच्या पंचांना घेऊन बसलेला कॉरोनर या प्रसंगी जी तर्कबुद्धी लढवी, तिचा मासला मोठा बोधक आहे. उभ्या गाडीच्या चाकावर पाय ठेवून चढताना कोणी पडून मेला, तर दोषी ते एकटे चाक. पण गाडी चालू असताना तेच घडले, तर गाडी आणि तिला जुंपलेली जनावरे सारीच दोषी, कारण मृत्यूला कारण झालेली गती त्या सर्वांची होती! पंच हे त्याच गावचे, गाडीवानाच्या ओळखीचे. त्यामुळे वस्तूचे मोल ते शक्य तितके हलके लावीत आणि कायद्याची धार आपोआप बोथट होई.

ही सोशीक व्यवस्था रेल्वे आल्यावर कोलमडली. १८४१ साली नाताळच्या आदल्या दिवशी पहाटे ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एक गाडी सॉनिंग येथील खोदलेल्या खिंडीत, पावसाने कोसळलेल्या दरडीवर आदळली आणि पार्लमेंटच्या नव्या इमारतीवर काम करून सणासाठी घरी निघालेले अनेक पाथरवट उघड्या डब्यांत चिरडून मेले. पंचांनी इंजिन व डबे यांवर हजार पौंडांच्या घरातली किंमत लावली. ती पुढे रद्द झाली. पण रेल्वे कंपन्यांच्या पोटात गोळा उठायला तेवढा आकडा पुरेसा होता. १८४६ साली पार्लमेंटने हा प्रघात कायमचा बंद केला आणि मृतांच्या नातलगांना नुकसानभरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदाही त्याच वर्षी केला. राजाच्या खजिन्यात जाणारा पैसा यापुढे विधवेकडे जावा, ही सुधारणा एवढी सरळ आहे की, ती सुचायला सहा शतके का लागावीत, याचेच नवल वाटते.

अमेरिकेतील न्यायाधीशांनी आपल्या निकालपत्रांतून या डिओडँडचा दाखला पुष्कळदा दिला आहे. पण माझ्या मते ही सोयरीक ओढूनताणून जुळवलेली आहे. आजच्या जप्तीचे खरे कूळ जमिनीवरचे नसून समुद्रावरचे आहे. सतराव्या शतकातील इंग्रजी नौकानयनाच्या कायद्यांनी चोरटा माल वाहणारे जहाज मालासकट सरकारजमा करण्याचा अधिकार अंमलदारांना दिला, आणि त्यामागे एक व्यावहारिक अडचण होती, ती नाकारता येत नाही. जहाज बंदरात उभे असे, मालक मात्र लिस्बनला वा कादिझला बसलेला असे. त्याला समन्स कोण बजावणार, आणि हजर कोण करणार? हाती लागलेली वस्तू तेवढी खरी. तेव्हा तिच्यावरच दावा लावावा, मालकाला वाटल्यास त्याने येऊन तिची बाजू मांडावी, हा मार्ग निघाला. त्याला जोडून दुसरीही एक गोष्ट आली, जिचे महत्त्व पुढे पहिलीपेक्षा मोठे ठरले. जप्त मालाच्या विक्रीचे तीन वाटे होत: एक राजाचा, एक त्या वसाहतीच्या गव्हर्नराचा आणि एक माल पकडून देणाराचा. शिवाय या दाव्यांची सुनावणी नाविक न्यायालयात, म्हणजे पंचांवाचून, होई. बॉस्टनच्या पंचांकडून बॉस्टनच्या व्यापाऱ्याविरुद्ध कौल मिळणार नाही, हे सरकारला पक्के ठाऊक होते.

या यंत्राचे दात प्रत्यक्ष कसे लागत, हे १७६८ सालच्या बॉस्टन बंदरात पाहावे. जॉन हँकॉक या धनाढ्य व्यापाऱ्याचे ‘लिबर्टी’ नावाचे गलबत मे महिन्यात मदिराची दारू घेऊन आले व पंचवीस पिंपांवर जकात भरून मोकळे झाले. जहाजाच्या मानाने माल फारच थोडा दिसतो, अशी कुजबुज होती; पण पहाऱ्यावरच्या नाकेदाराने काही पाहिले नसल्याचे सांगितले. महिन्याभराने त्याच नाकेदाराने जबानी फिरवली: त्या रात्री आपल्याला खाली कोंडून ठेवले होते आणि वर माल उतरवल्याचे आवाज आपण ऐकले, असे तो म्हणू लागला. १० जून रोजी जकातीच्या अधिकाऱ्यांनी गलबत जप्त करून ते ‘रॉम्नी’ या युद्धनौकेच्या पंखाखाली ओढून नेले. त्यासरशी धक्क्यावर जमलेला जमाव खवळला, त्याने अधिकाऱ्यांना झोडपले आणि त्यांच्यापैकी एकाची हौसेची होडी फरफटत नेऊन जाळून टाकली. ऑगस्टमध्ये नाविक न्यायालयाने गलबत सरकारजमा केले. पुढे खुद्द हँकॉकवर जबर दंडाची फिर्याद झाली, जॉन अ‍ॅडम्स त्याचा वकील होता, आणि काही महिने साक्षीपुरावे चालल्यावर मार्च १७६९ मध्ये सरकारने ती कारण न देता काढून घेतली. माणूस सुटला, गलबत गेले ते गेलेच. अधिकाऱ्यांनी ते स्वतःच चोरट्या मालावर गस्त घालायला वापरले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत न्यूपोर्टच्या लोकांनी ते पेटवून दिले.

अशा छळाला कंटाळून ज्यांनी साम्राज्याशी फारकत घेतली, त्यांच्या पहिल्याच काँग्रेसने ३१ जुलै १७८९ रोजी जकातीचा कायदा केला, तेव्हा त्यात जहाजे व माल सरकारजमा करण्याची तरतूद निमूटपणे घातली. नव्या राज्याचा महसूल मुख्यतः जकातीवर चालणार होता. रयतेला नको असलेले हत्यार सरकारला हवेसे वाटते, हा अनुभव कोणत्याच देशाला नवा नाही. १८२७ साली ‘पामायरा’ या जहाजाच्या खटल्यात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी स्पष्ट सांगितले की, अशा दाव्यात अपराधी समजावयाची ती वस्तू, आणि म्हणून माणसाला आधी दोषी ठरवण्याची आवश्यकता नाही. ‘मालेक अधेल’ या जहाजाच्या कप्तानाने न्यूयॉर्कहून मेक्सिकोकडे जाताना वाटेत दिसेल त्या गलबतावर हल्ले चढवले. मालकांना याची गंधवार्ता नव्हती, हे उघड होते, तरी १८४४ साली स्टोरी यांनीच जहाज सरकारजमा ठरवले आणि त्यातला निरुपद्रवी माल तेवढा सोडला.

समुद्रावर हे खपून गेले, कारण मालक खरोखरच आवाक्याबाहेर असे. पण दारूबंदीच्या काळात तीच युक्ती जमिनीवर उतरली. १९२१ साली, करचुकव्या दारूच्या वाहतुकीत सापडलेली टॅक्सी, ती हप्त्याने विकणाऱ्या आणि संपूर्ण अनभिज्ञ असलेल्या कंपनीची असूनही सरकारजमा झाली. १९७४ साली पोर्तो रिकोत भाड्याने दिलेली एक शौकाची नौका, तिच्यावर गांजाची एक सिगारेट सापडली म्हणून, कंपनीच्या हातून गेली. आता मालक लिस्बनला नव्हता. तो दाराशी उभा राहून माझा काय अपराध, असे विचारीत होता, आणि दूरस्थ मालकासाठी रचलेली कल्पना त्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ऐकवली जात होती. २०१७ साली न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी एका टिपणात नेमके याच फरकावर बोट ठेवले.

तरीही खरा पालट न्यायालयांनी केला नाही, तो १९७८ आणि १९८४ च्या दोन कायद्यांनी केला. पहिल्याने अमली पदार्थांच्या व्यापारातला रोख पैसाही जप्तीस पात्र ठरवला. दुसऱ्याने जप्तीचे उत्पन्न सर्वसाधारण तिजोरीत न जाता एका वेगळ्या निधीत जाईल, आणि केंद्रीय यंत्रणेच्या साहाय्याने जप्ती करणाऱ्या स्थानिक पोलीस खात्याला उत्पन्नाचा ऐंशी टक्क्यांपर्यंत वाटा मिळेल, अशी सोय केली. नौकानयनाच्या कायद्यातला तिसरा वाटा असा तीन शतकांनी दुणावून परत आला. पोलिसांचे म्हणणे पोकळ नव्हते: टोळ्यांचे म्होरके परदेशात बसतात, अटकेत सापडतात ते हरकामे, आणि म्होरक्याला झोंबतो तो फक्त पैसा; फसवणुकीत लुबाडलेल्यांना परतावा देण्यासाठीही हाच मार्ग उपयोगी पडतो. परंतु हमरस्त्यावर थांबवलेल्या मोटारीतील काही हजार डॉलर जेव्हा ‘एवढी रोकड कशाला बाळगता’ एवढ्याच संशयावर काढून घेतले जातात, आणि ते सोडवण्यासाठी लागणाऱ्या वकिलाची फी त्या रकमेच्या जवळपास जाते, तेव्हा समोर म्होरका नसून रोकड बाळगणारा गरीब असतो. १९९६ साली मिशिगनमधील एका स्त्रीची, नवऱ्याबरोबर सामायिक असलेली जुनी मोटार, नवऱ्याच्या वेश्यागमनाच्या कसुराबद्दल गेली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती जप्ती कायम केली.

यानंतर सुधारणेचे वारे वाहू लागले. २००० सालच्या कायद्याने पुराव्याचा भार मालकाच्या खांद्यावरून उतरवून केंद्र सरकारवर टाकला. न्यू मेक्सिकोने २०१५ मध्ये, नेब्रास्काने २०१६ मध्ये आणि मेनने २०२१ मध्ये ही दिवाणी जप्ती जवळजवळ मोडीत काढली. इंडियानातील एका इसमाची ४२००० डॉलरची मोटार, दंडाची कमाल मर्यादा १०००० असता, जप्त झाली. तेव्हा अवाजवी दंडाची मनाई राज्यांनाही लागू आहे, असे न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी २०१९ साली एकमताच्या न्यायालयातर्फे लिहिले. पण २०२४ साली, इतरांना वापरायला दिलेल्या मोटारी अलाबामात वर्षाहून अधिक काळ अडकून पडलेल्या दोन स्त्रियांनी लवकर प्राथमिक सुनावणी मागितली, ती सहा विरुद्ध तीन मतांनी नाकारली गेली.

आपल्याकडे हा वाद इंग्रजी समुद्री जकातीच्याच वाटेने आला, आणि मुंबई त्याचे पहिले ठाणे झाली. नोव्हेंबर १९४९ मध्ये जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरलेल्या एका उतारूजवळ १०७ तोळ्यांहून अधिक सोने सापडले. जकातखात्याने ते सरकारजमा केले आणि नंतर त्याच्यावर फौजदारी खटलाही भरला. एकाच अपराधाबद्दल दोनदा शिक्षा कशी, असे त्याने विचारले. १९५३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की, जकात अधिकाऱ्यापुढची कार्यवाही म्हणजे खटला नव्हे, तो अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे. १९७६च्या तस्करीविरोधी कायद्याने जप्तीची व्याप्ती नातलगांच्या मालमत्तेपर्यंत वाढवली, आणि त्याच कायद्याखाली दाऊद इब्राहीमच्या कुटुंबाची मुंबईतील मालमत्ता २०१७ साली लिलावात विकली गेली. या प्रकरणी हळहळणारा माणूस विरळा. पण २००२च्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याने दोषसिद्धीच्या आधीच जी टाच येते, तिच्याबद्दलची तक्रार अधिक व्यापक आहे, आणि जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने तो अधिकार वैध ठरवल्यानंतरही ती थांबलेली नाही. पोलिसांच्या बाबतीत मात्र २०१९ साली एक मर्यादा आखली गेली: तपासाच्या नेहमीच्या अधिकारात पोलीस जंगम वस्तू ताब्यात घेऊ शकतात, घर वा जमीन नाही. माल पकडून देणाराचा तिसरा वाटा आपल्याकडे नाही, असे म्हणावे तर जकातखात्याच्या नियमांप्रमाणे खबऱ्याला आणि माल पकडणाऱ्या अधिकाऱ्याला मालाच्या किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंत बक्षीस आजही देता येते.