खांद्याचा इम्पिंजमेंट आणि ताणाचे व्यायाम

हात डोक्याच्या वर नेताना खांद्यातल्या रोटेटर कफच्या कंडरा एका अरुंद जागेतून सरकतात. खाली दंडाच्या हाडाचा गोल माथा, वर फऱ्याच्या हाडाचे ॲक्रोमिअन नावाचे टोक आणि मधे घर्षण कमी करणारी बर्सा ही पातळ पिशवी, अशी तिची रचना असते. इथे दुखणे उठले की हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात कळ येते आणि त्या कुशीवर झोपवत नाही. हेच इम्पिंजमेंट. त्याच्या उपचारात ताणाचे व्यायाम दीर्घकाळ टिकून आहेत. मात्र नेमके काय ताणायचे आणि कशासाठी, याचे उत्तर दुखण्याच्या कारणाविषयीच्या समजुतीबरोबर बदलत गेले.

पॅरिसचे सर्जन सिमों द्युप्ले यांनी १८७२ मध्ये दुखऱ्या, आखडलेल्या खांद्याचे वर्णन केले. सांध्याभोवतीचे भाग एकमेकांना चिकटल्यामुळे हात अडतो, असे त्यांचे मत होते. म्हणून रुग्णाला भूल देऊन हात जोराने हलवायचा आणि हे चिकटलेले भाग मोकळे करायचे, असा त्यांचा उपाय होता.

बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांचा मार्ग सौम्य होता. बर्सा आणि सुप्रास्पायनेटस ही कंडरा यांचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९३४ मध्ये खांद्यावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा लंबकाचा व्यायाम आजही शिकवला जातो. रुग्ण कंबरेत वाकतो, चांगला हात टेबलावर टेकवतो आणि दुखरा हात सैल लोंबकळत सोडतो. मग अंगाच्या हलक्या झोक्याने तो हात पुढे-मागे आणि गोल फिरतो. धड वाकलेले असल्यामुळे हात धडाच्या तुलनेत उचललेल्या स्थितीत येतो, पण तो उचलण्याचे काम स्नायूंना करावे लागत नाही. ताण मिळतो तो हाताच्या स्वतःच्या वजनाचा.

१९७२ मध्ये न्यूयॉर्कचे चार्ल्स नीर यांनी इम्पिंजमेंटची कल्पना ठामपणे मांडली. ॲक्रोमिअनचा पुढचा, खालचा भाग कंडरेवर घासतो, म्हणून तो तासून काढावा, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी खांद्याचा आखडलेपणा गेलेला असावा आणि त्रास किमान ९ महिने टिकलेला असावा, अशी त्यांची अट होती. म्हणजे हाडाला दोष देणाऱ्या या मांडणीतही हालचाल मोकळी करण्याचे काम आधी यायचे. पुढे दुर्बिणीतून हाड तासणे सोपे झाले आणि या शस्त्रक्रियांची संख्या बरीच वाढली.

दरम्यान लक्ष हाडाकडून मऊ भागांकडे वळू लागले. १९९० मध्ये सिएटलच्या डग्लस हॅरीमन आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या खांद्यांवर प्रयोग केले. सांध्याच्या आवरणाचा मागचा भाग टाके घालून आवळला, तर हात पुढून वर नेताना दंडाच्या हाडाचा माथा पुढे आणि वर सरकतो, असे त्यांना दिसले. माथा वर सरकला की जागा कमी होते. मागची बाजू ताणण्याला यातून शास्त्रीय आधार मिळाला. बेसबॉलच्या चेंडूफेक्यांमध्ये फेकीच्या हाताचे आतल्या बाजूचे वळण कमी झालेले आढळते. २००३ मध्ये बर्कहार्ट, मॉर्गन आणि किबलर यांनी खांद्याच्या दुखापतींशी त्याचा संबंध जोडला, आणि मागची बाजू ताणणारा ‘स्लीपर स्ट्रेच’ सर्वदूर पोहोचला.

या प्रकारात रुग्ण दुखऱ्या कुशीवर झोपतो. दंड शरीराशी काटकोनात पुढे ठेवतो, कोपर काटकोनात वाकवतो आणि दुसऱ्या हाताने मनगट हळूहळू गादीकडे दाबतो. ताण खांद्याच्या मागे जाणवायला हवा. पुढे टोचल्यासारखे झाले तर दाब कमी करायचा. यापेक्षा सोपा प्रकार म्हणजे दुसऱ्या हाताने कोपर धरून हात छातीवरून पलीकडे ओढणे. २००७ मध्ये फिलिप मॅकक्लुअर आणि सहकाऱ्यांनी, खांद्याची मागची बाजू घट्ट असलेल्या पण दुखणे नसलेल्या लोकांमध्ये, ४ आठवडे दोन्ही प्रकारांची तुलना केली. ताण न देणाऱ्या गटापेक्षा ठळक फायदा छातीवरून ओढण्याच्या प्रकारातच दिसला.

छातीतला पेक्टोरॅलिस मायनर हा छोटा स्नायूही या काळात चर्चेत आला. तो आखूड असेल तर हात उचलताना फऱ्याचे हाड हवे तितके मागे कलत नाही, असे जॉन बोर्स्टाड आणि पॉला लुडविग यांनी २००५ मध्ये दाखवले. पुढच्या वर्षी ताणाचे तीन प्रकार ताडून पाहिले, तेव्हा हात भिंतीला टेकवून धड विरुद्ध बाजूला वळवण्याच्या प्रकाराने हा स्नायू सर्वाधिक लांबला. दाराच्या चौकटीत उभे राहून छाती ताणणे हे त्याच जातीचे.

हाड घासण्याच्या सिद्धान्ताला मोठा धक्का बसला तो २०१८ मध्ये. ब्रिटनमधील ३१३ आणि फिनलंडमधील २१० रुग्णांच्या चाचण्यांमध्ये हाड तासण्याची शस्त्रक्रिया ही नुसती दुर्बीण घालून पाहण्यापेक्षा सरस ठरली नाही. त्याआधी २०१२ मध्ये स्वीडनमध्ये शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षा यादीतील रुग्णांना १२ आठवडे ठरावीक व्यायाम दिले गेले. त्यानंतर त्यांपैकी २० टक्के रुग्णांनी शस्त्रक्रिया निवडली. साधे व्यायाम करणाऱ्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होते. त्या कार्यक्रमातले पाच व्यायाम रोटेटर कफ आणि फऱ्याभोवतीच्या स्नायूंना बळकटी देणारे होते आणि एकच, खांद्याच्या मागच्या बाजूचा, ताणाचा.

पाचास एक हे प्रमाण आजच्या फिजिओथेरपीतले ताणाचे स्थान दाखवते. मुख्य भर स्नायूंवर हळूहळू भार वाढवण्यावर असतो आणि ताणाचे व्यायाम त्याला जोड म्हणून येतात. दोन्ही हातांची वळणे आधी मोजली जातात. मागची बाजू किंवा छाती खरोखरच घट्ट असेल, तर साधारण ३० सेकंदांचा ताण काही वेळा दिला जातो. मुळातच सैल सांध्याच्या रुग्णांना, उदाहरणार्थ काही जलतरणपटूंना, ताणापेक्षा बळकटीची गरज जास्त असते.