एक ठिपका कमी

ज्यांच्या घरी ऐंशीच्या दशकात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता त्यांना चित्र 'पळणं' म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. ऐन छायागीताच्या वेळी चित्र वरवर सरकायला लागायचं आणि मग घरातला कोणीतरी उठून व्ही-होल्डची खुंटी पिळत बसायचा. ती भानगड सिंकची. प्रक्षेपण करणारा दर ओळीच्या आणि दर चित्राच्या शेवटी एक छोटासा पल्स पाठवतो: "संपलं, पुढचं घ्या." टीव्ही स्वतःचा ताल त्या इशाऱ्याशी जुळवून घेतो. जमलं नाही की चित्र पळतं.

हाच रोग हल्ली नव्या रूपात भेटतो. जुना गेम कन्सोल, त्यात कोणीतरी ५०/६० हर्ट्झचं बटण बसवलेलं, आरजीबी केबल, पुढे कन्व्हर्टर आणि एलसीडी टीव्ही. चित्र झकास येतं, आणि दर काही सेकंदांनी पडदा काळा! 'नो सिग्नल'. परत चित्र. परत काळा. माझ्या एका मित्राचा युरोपातून आणलेला सुपर निन्टेन्डो असाच वागत होता. दुरुस्तीवाल्याने सगळे कपॅसिटर बदलले, सोल्डरिंग पुन्हा केलं, केबल बदलली. रोग जिथल्या तिथे. मित्र वैतागून कन्सोल विकायला निघाला होता.

माझ्या मते त्या कन्सोलमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. कारण बघायला १९५३ साली जावं लागतं.

त्या वर्षी अमेरिकेत रंगीत टीव्हीचं एनटीएससी मानक मंजूर झालं. जुन्या कृष्णधवल संचांवरही चित्र दिसावं म्हणून रंगाची माहिती ३.५८ मेगाहर्ट्झच्या एका लहरीवर लादून त्याच सिग्नलमध्ये कोंबली. एका ओळीत त्या लहरीची २२७.५ आवर्तनं बसतात. हे अर्धं मुद्दाम ठेवलेलं आहे: शेजारच्या ओळीत लहर उलटी पडते आणि रंगाची जाळी डोळ्याला फारशी जाणवत नाही. या हिशेबापायी सेकंदाला ६० ऐवजी ५९.९४ फील्ड झाली, तो वेगळा विषय. असो.

१९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम आला, १९९० साली सुपर फॅमिकॉम. दोन्हींत एकच क्रिस्टल, रंगलहरीच्या सहापट, म्हणजे २१.४७७ मेगाहर्ट्झ. त्याचे १३६४ ठोके झाले की एक ओळ. सहाने भागून बघा: २२७ पूर्णांक एक तृतीयांश. साडेदोनशे सत्तावीस नाही! शिवाय चित्रात २६२.५ ऐवजी सरळ २६२ ओळी, म्हणजे इंटरलेसची भानगड नाही. परिणाम असा की दर चित्राला रंगाची लहर एक तृतीयांशाने सरकते आणि कडांवर ठिपके मुंगीसारखे चालताना दिसतात.

यावर निन्टेन्डोच्या इंजिनियरांनी जे केलं ते मला फार आवडतं. एकाआड एक चित्रात त्यांनी एका ओळीतला एक ठिपका गाळला. चार ठोके कमी, म्हणजे दोन तृतीयांश आवर्तन कमी. आता दोन चित्रं मिळून बरोब्बर पूर्ण आवर्तनं होतात, जाळी दोनच जागांमध्ये उड्या मारते, आणि डोळा दोन्हींची सरासरी काढतो. खर्च शून्य.

ती ओळ ०.१९ मायक्रोसेकंदाने आखूड पडते. पूर्ण ओळ ६३.५ मायक्रोसेकंदांची. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला याचं सोयरसुतकही नव्हतं. त्याचा ताल जड चाकासारखा, एवढ्या धक्क्याने हलत नाही. पण ओळींची फक्त संख्या वाढवून देणारे कन्व्हर्टर (ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टर हा त्यातला प्रसिद्ध) आलेला ताल तसाच पुढे पाठवतात. एचडीएमआयवर बसलेला काटेकोर टीव्ही एक चित्र लांब, एक आखूड असं बघतो आणि सरळ हात वर करतो.

मित्राच्या कन्सोलवर ५० हर्ट्झ लावलं तर चित्र तासभर स्थिर. पाल मोडमध्ये हा ठिपका गाळला जातच नाही. पण संशयित अजून दोन होते, कारण युरोपी कन्सोलचं घड्याळ २१.२८ मेगाहर्ट्झचं, त्यामुळे बटण ६० वर नेलं तरी वेग भरतो ५९.५५. मग ६० वरच इंटरलेस चित्र लावून पाहिलं. वेग जवळपास तोच, ठिपका मात्र शाबूत. पडदा एकदाही काळा झाला नाही. चोर सापडला :-)

उपाय दोन. एक, पूर्ण चित्र साठवून स्वतःच्या तालात पाठवणारा स्केलर. पण त्याचा ताल ५९.९४ आणि अस्सल जपानी कन्सोलचा ६०.१०, म्हणजे दर सहा-साडेसहा सेकंदांनी एक चित्र गळणार. पळापळीच्या गेममध्ये हे खटकतं. दुसरा, घड्याळाच्या तारेवर छोटा डी-जिटर बोर्ड बसवून ती आखूड ओळ पूर्ण करणं. आरजीबीत रंगलहर नसतेच, त्यामुळे तिथे ठिपका गाळायचं मूळ कारणही उरत नाही. आम्ही दुसरा निवडला.

केबलबद्दल मात्र सावध. जपानी आणि अमेरिकी सुपर निन्टेन्डोच्या मागच्या सॉकेटमध्ये तीन नंबरच्या पिनवर सिंक येतो. युरोपी कन्सोलमध्ये त्याच पिनवर १२ व्होल्ट असतात. दिसायला केबल अगदी सारख्या, आणि ते १२ व्होल्ट चुकीच्या केबलमधून थेट कन्व्हर्टरच्या सिंकच्या वाटेवर जातात. आधी मल्टीमीटर लावा.