मौनाला श्रेयांक किती?

‘माइंडफुलनेस’ या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी पालीतील ‘सति’ हा शब्द आहे. संस्कृतात ती ‘स्मृती’. मराठीत ‘सजगता’ हा पर्याय रूढ होत आहे. बाल्यापासून वार्धक्यापर्यंतच्या मानव विकासाशी सजगतेची सांगड घालणारा विद्यापीठीय अभ्यासक्रम आखावयाचा, तर नाशिककरांना फार दूर जावे लागत नाही. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशातील सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेली विपश्यना १९६९ मध्ये भारतात आणली. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून तिची शिबिरे भरत आहेत. तेथील विपश्यना विशोधन विन्यास १९८५ चा. त्याच्या सहकार्याने मुंबई विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने पदविकाही चालविली.

तथापि शिबिर आणि विद्यापीठ यांची शिस्त सहजी जुळत नाही. दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला उठून रोज सुमारे दहा तास ध्यान करावे लागते. प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना एक श्रेयांक, या हिशेबाने तीन श्रेयांक सहज होतात. पण तेथे मौन असते, वाचन-लेखन वर्ज्य असते. मग अंतर्गत मूल्यमापनाची वही यावयाची कोठून? शिवाय शिबिराला शुल्क नाही, ते दानावर चालते. ते विद्यापीठाच्या शुल्कात बसविणे म्हणजे त्याचे मूळ तत्त्वच मोडणे होय.

जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकालीन वेदनांच्या रुग्णांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, तो आठ आठवड्यांचा आहे. आठवड्याला एक वर्ग आणि घरी रोजचा सराव, ही मांडणी सत्राच्या वेळापत्रकाला अधिक मानवते.

गुण मनःशांतीला देता येत नाहीत. ते पाली ग्रंथांच्या वाचनाला, बालक-किशोरांच्या अवधानाच्या अभ्यासाला आणि एखाद्या संशोधनात तुलनेसाठी दुसरा गट होता की नाही, हे ओळखण्याच्या क्षमतेला द्यावेत. ध्यान आवश्यक, पण गुणांविना ठेवावे. दीर्घ शिबिर मात्र ऐच्छिकच हवे. शिबिराच्या प्रवेश अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारली जाते, ती उगाच नव्हे. काहींना प्रदीर्घ ध्यानाने त्रास होतो, आणि अशा विद्यार्थ्यासाठी समुपदेशक व पर्यायी प्रात्यक्षिक यांची तरतूद प्रवेशापूर्वीच असावी लागते.