पहिल्या पानापासून पेन्शनपर्यंत

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्हा लोकल बोर्ड आणि स्कूल बोर्डाचे नोकर त्यांच्याकडे वर्ग झाले आणि त्यांची सेवापुस्तकेही सोबत आली. मी जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत लागले तेव्हा त्या पिढीतले शेवटचे गुरुजी निवृत्त होत होते, म्हणून ती पुस्तके मला हाताळायला मिळाली.

पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, उंची, अंगावरची खूण, डाव्या हाताच्या बोटांचे ठसे. जन्मतारीख कितीतरी पुस्तकांत १ जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेली ती तारीख. तिच्यावरूनच ५८ वर्षे मोजायची, त्यामुळे ३१ मे आला की सेवानिवृत्तांची रांग लागे. तारीख दुरुस्त करायची तर अर्ज नोकरीच्या पहिल्या ५ वर्षांतच हवा, असे १९८१ चे सेवाशर्ती नियम सांगतात.

आत नेमणूक, बदल्या, वेतनवाढी, रजेचा हिशेब. वेतन आयोग लागू झाला की वेतननिश्चिती आणि मग वेतन पडताळणीचा शिक्का. याखेरीज दरवर्षी कार्यालयप्रमुखाने पगारपत्रक पाहून सेवा पडताळल्याचा दाखला लिहायचा. नेमका तोच राहून जातो.

एका परिचराच्या पुस्तकात तीन पंचायत समित्यांतल्या बदल्या होत्या आणि मधल्या तालुक्यातल्या सेवेचा दाखलाच नव्हता. तिथली जुनी पगारपत्रके गठ्ठे सोडून शोधावी लागली. तोवर पेन्शनचा प्रस्ताव अडकला आणि ते घरी वाट पाहत बसले. त्यांनी नोकरी चोख केली होती. नोंद करणे कार्यालयाचे काम होते.

१९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दप्तर लावण्याची शिस्त घालून दिली. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ती राज्यभर गाजली. लावलेल्या दप्तरात कागद चटकन सापडतो हे खरेच, पण न केलेली नोंद कुठल्याच कपाटात सापडत नाही. आता पगार संगणकावर निघतो, तरी आधीच्या वर्षांचा पुरावा सेवापुस्तकच आहे.

आस्थापनेच्या टेबलावर बसणाऱ्यांना माझे सांगणे आहे: आदेश निघाला की त्याच आठवड्यात नोंद घ्या आणि साहेबांची सही घ्या. आणि कर्मचाऱ्यांनो, सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागून घ्या, दरवर्षी मूळ पुस्तकाशी ताडून पाहा. पेन्शन शेवटच्या महिन्यात तयार होत नाही, ती दरवर्षी थोडी थोडी लिहावी लागते.