वाघिणीची बखर

इतिहास शिलालेखांत आणि ताम्रपटांत असतो, असे आपण मानीत आलो. रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयाची परंपरा 1875 पासूनची. छत्तीसगडच्या राजवंशांचे असे लेख तेथे जपलेले आहेत. परंतु राजाने दिलेल्या दानाइतकीच प्रजेने पिकविलेल्या धान्याची कथाही इतिहासच नव्हे काय? ती सांगणारे एक साधन लाकडालोखंडाचे आहे. ते म्हणजे रेल्वेचा मालडबा. ‘वॅगन’ या परक्या शब्दाची मराठी जिभेने ‘वाघीण’ करून टाकली, ती हीच.

पूर्वी छत्तीसगडचा तांदूळ वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून बाहेर जाई. 1882 मध्ये नागपूरहून निघालेला मीटरमापी लोहमार्ग राजनांदगावास पोहोचला. बंगाल-नागपूर रेल्वेने तो रुंद केला आणि 1891 पर्यंत रायपूर-बिलासपूरवरून थेट आसनसोलला भिडविला. 1900 च्या सुमारास रायपूरहून धमतरी व राजीम येथे जाणारा अडीच फुटी मार्गही सुरू झाला. तांदूळ, इमारती लाकूड, लाख, हिरडा असा माल वाघिणींत भरू लागला. शेतमालाला दूरची पेठ मिळाली, हे खरेच. पण 1896-97 आणि 1899-1900 या वर्षांच्या दुष्काळांनी दुसरी बाजूही दाखविली. ज्या रुळांवरून धान्य आत येते, त्याच रुळांवरून ते बाहेरही जाते. आणि भाव चढले की कोठाराच्या दाराशी बसलेला मजूरही उपाशी राहतो.

आता तो अरुंद मार्ग बंद झाला आहे. रायपूर शहरातील त्याच्या जागेवरून रुंद रस्ता धावतो. जुन्या चारचाकी वाघिणींचा काळही सरला. बहुतेक भंगारात गेल्या. नागपूरच्या मोतीबागेत 2002 मध्ये अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय उभे राहिले, हे त्यातल्या त्यात समाधान. धमतरी वा राजीमसारख्या गावीही एखादी वाघीण जपता येईल. वाघिणी दुरुस्त करणारा रेल्वेचा कारखाना रायपुरातच आहे. हात आणि हुन्नर दूर शोधावयास नको.

मात्र श्रोतेहो, जीर्णोद्धार म्हणजे रंगरंगोटी नव्हे. गंज काढावा, पण रंगाचे जुने थर खरवडण्यापूर्वी त्यांची नोंद करावी. आसपेटीवर ओतलेली अक्षरे, रिव्हेटांच्या रांगा, रिकाम्या डब्याचे वजन सांगणारे आकडे, दाराशी हमालांच्या वावराने झिजलेले लोखंड, ही त्या बखरीची पानेच होत. नवी फळी बसविलीच, तर ती नवी म्हणून ओळखू यावी. आत छोटे दालन करावयाचे झाल्यास वैशाखात लोखंड किती तापते, याचे भान ठेवावे. जुनी कागदपत्रे तेथे ठेवू नयेत. धान्य मोजण्याचा काठा, तराजू, गोणी खुशाल मांडाव्यात.

अशा वाघिणीत शिरलेल्या मुलाने केवळ ‘ही किती जुनी?’ एवढेच विचारू नये. ‘हिच्यातला तांदूळ पिकविला कोणी, आणि खाल्ला कोणी?’ असेही त्याने विचारावे. हा प्रश्न ज्या संग्रहालयात उमटेल, तेथे वाघिणीचे जतन सार्थकी लागले असे समजावे.