सोन्याच्या खाणीतून पाळण्यापर्यंत

आजच्या भागात एका लसीची गोष्ट. घरात तान्हं बाळ असेल तर त्याचं लसीकरण कार्ड बघा. त्यावर 'पीसीव्ही' असं एक नाव सापडेल. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, असे तीन डोस. बाळ जरा रडतं, आई त्याला थोपटते, झालं. पण ही लस त्या कार्डापर्यंत पोचायला जवळपास शंभर वर्षं लागली. का लागली, तेच आज बघू.

आधी शत्रू कोण ते समजून घेऊ. न्यूमोकॉकस नावाचा जिवाणू. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग या दोघांनी तो वेगवेगळा शोधला. हा अनेकांच्या नाकाघशात गुपचूप राहतो, काही करत नाही. पण संधी मिळाली की फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरला तर जिवावरच बेततं.

आता चला दक्षिण आफ्रिकेत. साल १९११. जोहान्सबर्गच्या आसपासच्या सोन्याच्या खाणींमध्ये दूरदूरच्या उष्ण प्रदेशांतून काळे मजूर आणले जात होते. कोंदट बराकीत दाटीवाटीने राहायचं, खाली खाणीत राबायचं. आणि ही माणसं न्यूमोनियाने पटापट मरत होती. खाणमालकांना काळजी वाटली, ती मुख्यतः मजूर कमी पडतील याची! त्यांनी लंडनहून अॅल्मरॉथ राइट यांना बोलावलं. टायफॉइडच्या लसीमुळे त्यांचं नाव झालं होतं. राइट यांनी मारलेल्या जिवाणूंची लस बनवून हजारो मजुरांना टोचली. पण ठोस निष्कर्ष काही निघाला नाही.

कारण काय? न्यूमोकॉकस एक नसतो, त्याचे प्रकार असतात. आज शंभराच्या वर प्रकार माहीत आहेत. एकाविरुद्धची लस दुसऱ्यावर चालेलच असं नाही. हे तिथेच काम करणाऱ्या स्पेन्सर लिस्टर यांनी ओळखलं आणि त्याप्रमाणे लस बनवायला सुरुवात केली. इकडे १९१३ मध्ये सरकारने उष्ण प्रदेशांतून मजूर आणण्यावरच बंदी घातली. इतके मृत्यू होत होते.

पुढचा धागा न्यूयॉर्कमध्ये. १९२३ मध्ये हायडलबर्गर आणि एव्हरी यांनी दाखवलं की या जिवाणूचं बाहेरचं आवरण साखरेच्या लांब साखळ्यांचं असतं, आणि प्रकारानुसार ते बदलतं. मग अख्खा जिवाणू कशाला? नुसतं आवरण टोचलं तर? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या सू फॉल्स इथल्या हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रात सुमारे १७ हजार जवानांवर हा प्रयोग झाला. निम्म्यांना चार प्रकारांविरुद्धची लस, निम्म्यांना मिठाचं पाणी. लस चालली!

म्हणजे १९४५ मध्ये गोष्ट संपायला हवी होती, बरोबर? पण तेवढ्यात पेनिसिलिन आलं. डॉक्टर म्हणाले, औषध आहे ना, मग लस कशाला? बाजारात आलेली लस कोणी घेईना. कंपनीने ती बंद केली.

इथे एंट्री होते रॉबर्ट ऑस्ट्रियन यांची. (आडनाव ऑस्ट्रियन, माणूस अमेरिकन!) ब्रुकलिनच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये त्यांनी दहा वर्षं रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. त्यांना दिसलं की पेनिसिलिन देऊनही लोक मरतायत, विशेषतः आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत. औषध काम करेपर्यंत उशीर झालेला असतो. १९६४ मध्ये त्यांनी हे छापलं आणि लस पुन्हा हवी असं ठासून सांगितलं. पुन्हा चाचण्या झाल्या. कुठे? त्याच दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत, वर्णभेदाच्या राजवटीत, काळ्या मजुरांवर. १९७७ मध्ये १४ प्रकारांची लस अमेरिकेत मंजूर झाली, १९८३ मध्ये २३ प्रकारांची.

पण एक मोठी अडचण उरली. दोन वर्षांखालच्या बाळांचं शरीर नुसत्या साखरेला नीट प्रतिसादच देत नाही. आणि सगळ्यात जास्त धोका त्यांनाच! उपाय म्हणजे साखर एखाद्या प्रथिनाला जोडायची, मग बाळाचं शरीर तिला ओळखतं. ही जोडणीची कल्पना एव्हरी आणि गोबेल यांनी १९३१ पर्यंत सशांवर सिद्ध केली होती. प्रत्यक्ष बाळांसाठी अशी न्यूमोकॉकसची लस अमेरिकेत आली २००० मध्ये. मधली सत्तर वर्षं बघा.

आणि ज्यांच्या अंगावर ही लस पहिल्यांदा तपासली गेली, त्यांच्या देशाचं काय? दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी लसीकरणात ती आली २००९ मध्ये. राइट यांच्या प्रयोगानंतर ९८ वर्षांनी.

आपल्याकडे २०१७ मध्ये हिमाचल प्रदेश आणि बिहार, उत्तर प्रदेशच्या काही जिल्ह्यांपासून सुरुवात झाली. महागडी लस हा मोठा अडसर होता. मग पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांविरुद्धची स्वस्त लस बनवली, न्यूमोसिल. २०१९ च्या डिसेंबरमध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि २०२१ मध्ये पीसीव्ही देशभरच्या सरकारी कार्यक्रमात आली. खाजगी दवाखान्यात हजारो रुपये लागणारी लस आता सरकारी केंद्रात फुकट मिळते.

ही लस प्रत्येक न्यूमोनिया थांबवत नाही. न्यूमोनियाचे जंतू अनेक, आणि न्यूमोकॉकसचेही सगळे प्रकार तिच्यात नाहीत. तरी सगळ्यात घातक प्रकारांपैकी बऱ्याच जणांना ती अडवते. शोध लागणं आणि तो गरिबाच्या बाळापर्यंत पोचणं, यात किती अंतर असू शकतं ते आज आपण पाहिलं. शेवटचं अंतर मात्र आपल्या हातात आहे. ताईच्या, वहिनीच्या बाळाचं कार्ड काढा. नऊ महिन्यांचा डोस राहिला असेल तर आशाताईंना विचारा. घरी आजी-आजोबांना दम्याचा किंवा मधुमेहाचा त्रास असेल, तर मोठ्यांसाठीच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि हा भाग फॅमिली ग्रुपवर टाका!