बाई, पाणी आलं होतं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचे मनोरी गाव मुंबईतच आहे, पण तिथून मालाडला यायचे तर खाडी ओलांडावी लागते. माझ्या लहानपणी आम्ही आठ-दहा मुले सकाळच्या बोटीने मार्वेला उतरायचो आणि तिथून बसने शाळेत जायचो. ओहोटी असली की बोट काठापासून लांबच थांबायची. मग दप्तर डोक्यावर, चपला हातात आणि गुडघाभर चिखल. शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली असायची. आमच्या मुख्याध्यापिकाबाई भलत्याच कडक. उशिरा येणाऱ्याने पहिला तास वर्गाबाहेर उभे राहायचे, हा त्यांचा दंडक. पण आमचे चिखलाने भरलेले पाय पाहिले की त्या एवढेच म्हणायच्या, ‘‘बोटीची मुलं ना? जा आत.’’

त्या चार शब्दांवर माझे शिक्षण झाले, असे म्हटले तरी चालेल. भरती-ओहोटी काही मुलांच्या हातात नसते, हे बाईंना पटलेले होते.

पुढे मीही शिक्षिका झाले. मालाडच्या बाजूच्याच एका शाळेत, सकाळच्या सत्रात. १९९३ साली माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. टेकडीच्या उतारावरच्या झोपडवस्तीत राहायचा. शाळा सात-दहाला भरायची, हा उगवायचा पावणेआठला. कधी यायचाच नाही. सदऱ्याची एक बाजू हमखास ओली. विचारले की मान खाली. एकदा मात्र म्हणाला, ‘‘बाई, पाणी आलं होतं.’’

मला तो बहाणा वाटला. आमच्या मनोरीच्या घरामागे विहीर होती. मे महिन्यात ती मचूळ व्हायची, पण पाणी ‘येते’ आणि ‘जाते’ हे मला फारसे ठाऊक नव्हते. मी पहिला तास त्याला बाहेर उभे केले. मग दोन तास. मग पालकांना चिठ्ठी. पालक आले नाहीत. दिवाळीनंतर तोही यायचा थांबला आणि जानेवारीत मी पटावरून त्याचे नाव कमी केले. ‘नाव कमी करणे’ हा आमच्या धंद्यातला नेहमीचा शब्द. तो वापरताना हात थरथरला वगैरे काही नाही. पटाचा गोषवारा जुळवायचा होता, तो जुळला.

निवृत्त झाल्यावर मी इतिहासात एम.ए. केले आणि हौसेने पुढच्या संशोधनाला नाव घातले. विषय घेतला मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा. मनोरीची बाई, म्हणजे कोळीवाड्याचा नाहीतर किल्ल्याचा विषय घेईल, असा मार्गदर्शकांचा समज होता. मी म्हटले, नाही, मला नळ हवाय. का, ते तेव्हा सांगितले नाही.

मुंबईच्या नळाची गोष्ट १८५६ मध्ये सुरू होते. त्याआधी शहर विहिरी आणि तलावांवर भागवत होते, आणि पावसाने दगा दिला की हाल व्हायचे. त्या वर्षी हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणे विहारला मिठी नदीवर बांध घालण्याचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये लोखंडी नळांतून साष्टीचे पाणी शहरात पोचले. मग १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये शहापूरकडचा तानसा, १९५७ मध्ये वैतरणेवरचे मोडकसागर, त्यानंतर अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. शहर वाढले तसा नळ लांब लांब जाऊन पाणी ओढू लागला. आता रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येते. ज्या शहापूर तालुक्यातून त्यातले बरेचसे निघते, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे, पण तोंडातून गेल्याशिवाय राहवत नाही.

कागद चाळताना मला त्याच १८५६ सालाची दुसरी एक नोंद सापडली. ती पाण्याच्या दप्तरात नव्हती, शिक्षणाच्या इतिहासात होती. जून महिन्यात धारवाडच्या एका महार मुलाने सरकारकडे अर्ज केला. सरकारी शाळेत फी भरायची तयारी असूनही त्याला प्रवेश नाकारला होता. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. मुंबई सरकारने उत्तर दिले, त्याचा मथितार्थ असा: न्याय मुलाच्या बाजूने आहे हे खरे, पण या एकाला घेतले तर बाकीचे शाळा सोडतील, तेव्हा सरकार त्यात पडणार नाही. पुढे हे प्रकरण कलकत्ता आणि लंडनपर्यंत गेले आणि १८५८ मध्ये सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे जाहीर करावे लागले. कागदावर, अर्थात. प्रत्यक्षात शाळा कशा होत्या ते पुढे येईलच.

मी वही मिटून बसून राहिले. एकच सरकार, एकच वर्ष. डोंगर फोडून, मैलोन् मैल नळ टाकून पाणी आणणे त्याला जमत होते आणि एका पोराला बाकावर बसवणे जमत नव्हते.

आता पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती नळाच्या बाजूने क्वचित सांगितली जाते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर दाखल झाले. तो दिवस आता आपल्याकडे विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बाबासाहेबांनी पुढे लिहिलेल्या आणि १९९० मध्ये पुस्तिकारूपाने छापल्या गेलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्या शाळेचे वर्णन आहे. बसायला घरून आणलेले गोणपाट. तेही संध्याकाळी घरी न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावणार नाही. आणि शाळेत नळ होता. बाकीच्या मुलांना तहान लागली की मास्तरांना विचारून जावे, नळ सोडावा, पाणी प्यावे. या मुलाला मास्तरांची परवानगी पुरत नसे. नळाची तोटी शिपायाने सोडायची. शिपाई रजेवर असेल, कामात असेल, तर त्या दिवशी पाणी नाही.

पाणी नळापर्यंत आलेले आहे, मूल शाळेपर्यंत आलेले आहे, आणि मध्ये एक माणूस उभा आहे. माझ्या प्रबंधाचा विषय मला इथे सापडला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात मांडलेला ठराव आपण पाणवठ्यांचा ठराव म्हणून लक्षात ठेवतो. पण त्यात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांच्या जोडीला शाळाही होत्या. पाणी आणि शाळा एकाच वाक्यात. त्याच ठरावाच्या आधारावर २० मार्च १९२७ ला महाडचे चवदार तळे घडले.

माझे मार्गदर्शक तरुण होते, अमेरिकेत शिकून आलेले. त्यांनी मला तिकडचा एक शब्दप्रयोग सांगितला: शाळेतून तुरुंगात जाणारी पाइपलाइन. शाळेने बारीकसारीक गुन्ह्यांसाठी मुलाला बाहेर काढायचे, निलंबित करायचे, पोलिसांना बोलवायचे. अशी काढलेली मुले पुढे तुरुंगात दिसतात. तिकडे यावर भरपूर अभ्यास झाला आहे. टेक्सास राज्यातल्या विद्यार्थ्यांच्या नोंदींवर बेतलेला एक मोठा अहवाल २०११ मध्ये आला. सातवी ते बारावीच्या काळात जवळजवळ साठ टक्के मुले एकदा तरी शिक्षा म्हणून वर्गाबाहेर वा शाळेबाहेर काढली गेली होती. काळ्या मुलांच्या वाट्याला ही शिक्षा जास्त येते, हेही तिथल्या सरकारी आकडेवारीत दिसते.

अभ्यास मोलाचाच. पण तो शब्द मला पटला नाही, आणि मी तसे सांगितले. ज्याने पाइपलाइन पाहिलेली नाही त्यालाच वाटते की एका टोकाला घातलेले दुसऱ्या टोकाला आपोआप बाहेर पडते. मुंबईच्या नळातले पाव हिश्श्याहून अधिक पाणी गळती आणि चोरीत जाते. उरलेलेही चोवीस तास वाहत नाही. पालिकेचा चावीवाला गाडीतून येतो, रस्त्यातले झाकण उघडतो, लांब चावीने व्हॉल्व्ह फिरवतो, तेव्हा एका भागात पाणी येते आणि दुसऱ्या भागातले जाते. रोज, ठरल्या वेळी, अशा शेकडो चाव्या फिरतात. नळ आपण होऊन काही करत नाही.

या चावीचे राजकारण दोन अभ्यासकांनी अलीकडे फार बारकाईने लिहिले आहे. लिसा ब्योर्कमन यांनी गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडीत राहून, आणि निखिल आनंद यांनी आमच्या शेजारच्या जोगेश्वरीत. दोघांचीही मुळात पीएच.डी.ची कामे; पुस्तके २०१५ आणि २०१७ मध्ये आली. पाणी मिळण्यासाठी कागद लागतात, ओळख लागते, नगरसेवक लागतो, प्लंबर लागतो, हे त्यांत पानोपानी दिसते. राज्याने झोपड्यांसाठी १९९५ ही मर्यादा घातली, पुढे ती २००० झाली. त्यानंतरच्या घराला अधिकृत नळ नाही. पाणी हक्क समिती याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घर बेकायदा आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. ‘सर्वांसाठी पाणी’ हे पालिकेचे धोरण यायला मे २०२२ उजाडला.

शाळेच्या बाजूने असा कायदा थोडा आधी आला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली, पण काढण्याची नाही.

मी वस्त्यांमध्ये हिंडले ते मुख्यतः बायकांशी बोलायला, कारण पाण्याच्या वेळा त्यांना पाठ असतात. पण जिथे जाईन तिथे मुलेच आड येत. पाणी पहाटे पाचला येत असेल तर मोठी मुलगी उठते. साडेसहाला येत असेल तर जे कोणी सकाळच्या शाळेत जाते त्याची पंचाईत. एका बाईने मला सरळ विचारले, ‘‘शाळेची वेळ तुम्ही ठरवता, पाण्याची ते ठरवतात. दोघं एकदा भेटत का नाही?’’ मी छत्तीस वर्षे शाळेत होते. असा विचार आमच्या एकाही सभेत निघाला नव्हता.

तानसाच्या नळाकाठच्या लोकांचे तर वेगळेच. शहराला पाणी देणारा प्रचंड नळ दाराशी, आणि पाणी दुसरीकडून आणायचे. २०१७ पासून नळाच्या सुरक्षिततेसाठी यातली हजारो घरे हलवून लोकांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी पाठवले. हवेचा त्रास इतका की २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे जागा द्या, नाहीतर महिना पंधरा हजार रुपये भाडे द्या, असे सांगितले. त्या दोन-तीन वर्षांत मुलांच्या शाळा मागे राहिल्या. काही मुले दोन दोन गाड्या बदलून जुन्या शाळेत जायची. काहींची नावे, माझ्या भाषेत सांगायचे तर, कमी झाली.

आता नळ उलटा फिरून आमच्या गावाकडे वळला आहे. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प मनोरीला करायचा असे २०२० मध्ये ठरले. सुरुवातीला रोज २०० दशलक्ष लिटर, पुढे ४००. २०२१ मध्ये एका इस्रायली कंपनीशी आराखड्यासाठी करारही झाला. मासेमारी करणाऱ्यांना धास्ती आहे ती परत समुद्रात सोडल्या जाणाऱ्या तीव्र खारट पाण्याची. माझा विरोध आहे की पाठिंबा, असे गावात विचारतात. मी विचारते, व्हॉल्व्ह कुठे बसणार आहे?

प्रबंध लिहून झाल्यावर मी माझ्या जुन्या शाळेत गेले. हजेरीपट काही वर्षांनी रद्दीत जातात, पण जनरल रजिस्टर कायम ठेवावे लागते. क्लार्कने कपाटातून ते काढून दिले. पाने पिवळी, पण अक्षर स्पष्ट. त्या मुलाच्या नावापुढे जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, आणि शेवटचा रकाना ‘शाळा सोडल्याचे कारण’. तिथे ‘सतत गैरहजर’ असे लिहिले होते, तेही माझ्याच हाताने.

नाव झाकून त्या पानाची प्रत मी प्रबंधाच्या परिशिष्टात लावली. मार्गदर्शक म्हणाले, याचा पाणीपुरवठ्याशी संबंध परीक्षकांना कळेल का? मी त्या पानाखाली एक ओळ टाकली: वस्तीत पाण्याची वेळ, सकाळी ६.३० ते ७.४५.